कर्ता कोण?

मेघावर विश्वास टाकणारा पहिला माणूस आमच्याच बाजूचा! कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर दिवस कंठीत होता तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले आणि आम्हां वैदर्भीयांना ते तत्काळ पटले. हा यक्ष विरहाने व्याकूळ झाला होता हे खरे. पण व्यवहाराला तो पक्का होता. निरोप सांगताना त्याने मेघाला अलकेतल्या आपल्या घराच्या खुणा दिल्या, दारावर रेखाटलेले शंख आणि पद्म सांगितले, पत्नी कोणत्या अवस्थेत दिसेल तेही सांगितले. शिवाय हा निरोप आपल्याच पतीचा आहे अशी तिची खात्री पटावी म्हणून, दोघांखेरीज तिसऱ्याला ठाऊक नसलेली एक आठवण त्याने शेवटी जोडून दिली. निरोप भलत्या घरी जाऊ नये, आणि भलत्याचा निरोप आपल्या घरी येऊ नये, यासाठी त्या बिचाऱ्याने केवढी खबरदारी घेतली पाहा.

आता आपण सारेच यक्ष झालो आहोत. मुलाची फी, आजीचा रक्त तपासणीचा अहवाल, सोसायटीचे देणे, बापाच्या उत्पन्नाचा दाखला हे सारे आपण मेघाच्या हवाली करतो. त्याला ‘क्लाऊड’ म्हणतात एवढेच. वास्तविक तो आकाशात नसतोच. दूर कुठल्याशा गावी भाड्याने घेतलेल्या यंत्रांच्या दालनात तो जमिनीवरच असतो. परंतु यक्षाने सांगितल्या तशा घराच्या खुणा त्याला कोणी सांगून ठेवल्या आहेत काय, याची चौकशी मात्र आपण कधी करीत नाही.

वाचक म्हणतील, “मास्तर, तुम्ही मराठीचे. तुम्ही अलंकार आणि प्रयोग शिकवावेत. संगणकाच्या कारभारात कशाला पडता?” त्याला माझे उत्तर असे की, हा सारा व्याकरणाचाच प्रश्न आहे. पण ते सांगण्यापूर्वी एक घडलेली गोष्ट सांगतो.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन घेण्याची व्यवस्था झाली. सॉफ्टवेअर एका कंपनीने पुरवले. अर्ज भरला की विद्यार्थ्याला एक लिंक मिळे. ती उघडली की स्वतःचा अर्ज दिसे, आणि लिंकच्या शेवटी अर्जाचा क्रमांक असे. कोणा एका उपद्व्यापी मुलाने आपला क्रमांक खोडून त्या जागी पुढचा क्रमांक घातला. दुसऱ्याचा अर्ज उघडला! छायाचित्र, पत्ता, जात, वडिलांचे उत्पन्न, बँकेच्या खात्याचा क्रमांक आणि मोबाईल. मग त्याचा पुढचा, मग त्याच्याही पुढचा. आठवड्याभरात सालेकसा तालुक्यातल्या एका मुलीला रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. फोन करणाऱ्याला तिचे नाव, गाव, बापाचे नाव, सारे ठाऊक! मुलगी घाबरली. बापाने एकच केले, तिचे महाविद्यालय बंद केले. त्या माणसाला दोष कसा द्यावा? त्याच्या दृष्टीने मुलीला शिकायला पाठवले आणि तिची कुंडली चव्हाट्यावर आली.

चौकशीला बसलेल्या तिघांत मी होतो. कंपनीचा माणूस आला, अत्यंत सभ्य. तो म्हणाला, “पण सर, दुसऱ्याचा अर्ज बघायचं बटण आम्ही विद्यार्थ्यांना दाखवतच नाही!” हे वाक्य त्याने तीनदा उच्चारले. आपण काही चुकीचे बोलतो आहोत असे त्याला मनापासून वाटत नव्हते. आणि मला सारखे वाटत होते की, या वाक्यात काहीतरी मोठी खोट आहे. पण ती नेमकी कुठे हे शब्दांत सापडत नव्हते.

ते सापडले मंडईत. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया भरतात. हलका धान घरात आलेला असतो, पाव्हणेरावळे जमतात, रात्री दंडार होते. अशा एका मंडईत माझा जुना विद्यार्थी भेटला. मूळचा आमगाव तालुक्यातला, बाप राईस मिलमध्ये मुनीम. तो स्वतः आता पुण्याला हिंजवडीत सेल्सफोर्स नावाच्या क्लाऊडवर प्रोग्रॅम लिहितो. (ही कंपनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. भंडाऱ्यातून फुटून आमचा गोंदिया जिल्हा झाला तोही त्याच वर्षी, १ मे रोजी. दोघांच्या प्रगतीची तुलना मात्र वाचकांनी करू नये.) मी त्याला सारी हकीकत सांगितली. तो हसला.

“सर, बटण लपवणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. आमच्या बाबांच्या मिलमध्ये कोठाराच्या दाराला पडदा लावला अन् म्हटलं की आता कोठार बंद आहे, तर चालंल का?”

“मग कुलूप कुठे लावायचे?”

“जिथं नोंद बाहेर निघते तिथं. अन् दर वेळी विचारायचं, ही नोंद कोणाच्या वतीनं मागितली जाते आहे?”

त्याने मग जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपण पडद्यावर बोट ठेवतो तेव्हा आपण स्वतः काही नोंदींच्या कपाटाकडे जात नाही. मधे एक नोकर असतो. तो म्हणजे प्रोग्रॅम. आपण सांगतो, तो कपाट उघडतो, नोंद आणून देतो. आता हा नोकर सर्व कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून हिंडतो, कारण त्याला सर्वांचीच कामे करावी लागतात. सेल्सफोर्सच्या एपेक्स नावाच्या भाषेची मुळातली रीत अशी ठेवलेली होती की, प्रोग्रॅम ‘सिस्टिम मोड’मध्ये चाले. म्हणजे बटण दाबणारा प्राचार्य असो, कारकून असो की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो. प्रोग्रॅमला सगळ्या नोंदी दिसणार. मागणाऱ्याच्या मर्यादा प्रोग्रॅमला लागू व्हाव्यात असे वाटत असेल तर प्रोग्रॅमरने आपल्या हाताने वर ‘विथ शेअरिंग’ असे दोन शब्द लिहावयाचे. ते लिहायचे राहिले तर प्रोग्रॅम बंद पडत नाही, कुरकुरही करीत नाही. उलट झकास चालतो! सर्वांना सर्व देतो.

आणि इथेच माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. मराठीत ‘मुलगा आंबा खातो’, ‘मुलगी आंबा खाते’, ‘मुले आंबा खातात’. कर्ता बदलला की क्रियापद बदलते. हा कर्तरी प्रयोग. पण ‘शिपायाने चोराला पकडले’, ‘शिपायांनी चोराला पकडले’, ‘बाईने चोरांना पकडले’. कर्ता कोणीही असो, कर्म कोणतेही असो, क्रियापद आपले ‘पकडले’! हा भावे प्रयोग. त्या महाविद्यालयाचे सॉफ्टवेअर भावे प्रयोगात लिहिलेले होते. मागणारा कोण आहे याचा क्रियेवर काही परिणामच होत नव्हता. नोंदींचा कारभार कर्तरी प्रयोगात चालला पाहिजे. कर्ता बदलला की उत्तर बदललेच पाहिजे.

संगणकशास्त्रात या रोगाला नाव आहे. नॉर्म हार्डी नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने १९८८ मध्ये ‘गोंधळलेला गुमास्ता’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली एक छोटासा लेख लिहिला. त्यांच्याकडच्या एका प्रोग्रॅमला बिलांची वही लिहिण्याचा अधिकार होता, कारण स्वतःच्या वापराचा हिशेब त्याला ठेवावा लागे. वापरणाऱ्याने सांगावे की, माझ्या कामाचा निकाल अमुक नावाच्या वहीत लिही. एकाने नेमके बिलांच्या वहीचे नाव सांगितले. प्रोग्रॅमने आज्ञाधारकपणे तिथेच लिहिले आणि बिले पुसली गेली. सांगणाऱ्याला त्या वहीला हात लावण्याचा अधिकार नव्हता, गुमास्त्याला होता. गुमास्त्याने आपला अधिकार दुसऱ्याच्या कामाला वापरला, आणि आपण कोणाच्या वतीने लिहितो आहोत हे तो विसरला. राईस मिलचा चांगला मुनीम हे विसरत नाही. किल्ली त्याच्याजवळ असते, पण हमालाने मागितले म्हणून तो तिजोरी उघडीत नाही.

नियम मांडण्याची रीत मात्र या सॉफ्टवेअरवाल्यांनी मोठी शहाणपणाची बसवली आहे. समजा, आपल्या जिल्ह्याच्या एखाद्या खात्याचे अर्ज त्यावर ठेवले. प्रथम सर्व दारे बंद मानावयाची; ज्याचा अर्ज, तो त्यालाच दिसणार. मग एकेक दार उघडावयाचे. देवरीच्या कारकुनाला देवरीचे अर्ज. त्याच्या वरच्या साहेबाला त्याच्या हाताखालच्या सर्वांचे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला आठही तालुक्यांचे. एखादा अर्ज दोन तालुक्यांत अडकला असेल तर तेवढ्यापुरता दुसऱ्यालाही. याशिवाय रकान्यांचा नियम वेगळा: कारकुनाला अर्ज दिसावा, पण त्यातला बँकेचा खाते क्रमांक दिसू नये, असेही करता येते. आणि गंमत अशी की, ‘विथ शेअरिंग’ हे दोन शब्द फक्त नोंदींचा नियम पाळतात, रकान्यांचा पाळीत नाहीत! ‘आम्ही ते दोन शब्द लिहिले आहेत’ म्हणून निश्चिंत झोपणाऱ्यांची तिथे फसगत होते. नोंद आणि रकाना असे दोन्ही नियम एकदम पाळणारा ‘यूजर मोड’ २०२३ पासून सर्वांना खुला झाला.

मग किल्ल्यांचा जुडगा कधीच वापरू नये काय? तसे नाही. ‘हा मोबाईल क्रमांक आधी कोणी नोंदवला आहे का?’ हे पाहावयाचे तर सर्व नोंदी चाळाव्याच लागतात. माझा विद्यार्थी म्हणाला, “तेवढं काम वेगळ्या छोट्या तुकड्यात लिहायचं, त्यावर ‘विदाउट शेअरिंग’ असं उघड लिहायचं, अन् बाहेर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच द्यायचं. ज्याची नोंद आहे त्याचं नाव नाही.” मला हे फार आवडले. मोठा अधिकार वापरणाऱ्याने तो उघड वापरावा, थोडा वापरावा, आणि कशासाठी वापरला ते लिहून ठेवावे. ही गोष्ट प्रोग्रॅमपुरतीच खरी आहे असे नाही.

कोणी म्हणेल, हे आपल्या मागास भागाचे रडगाणे. मुळीच नाही. अमेरिकेत आपल्यासारखा सातबारा नाही. तिथे घर घेताना मालकीबद्दल विमा उतरवतात. असा विमा उतरवणाऱ्या फर्स्ट अमेरिकन नावाच्या प्रचंड कंपनीच्या संकेतस्थळावर मे २०१९ मध्ये आढळले की, कागदपत्राच्या लिंकमधला एक आकडा बदलला की दुसऱ्याचे कागदपत्र दिसते. जवळजवळ ८८ कोटी ५० लाख कागद असे उघड्यावर होते, काही तर २००३ सालचे! आमच्या महाविद्यालयातल्या त्या उपद्व्यापी पोराने जे केले त्याहून कणभरही अधिक हुशारी त्यासाठी लागत नव्हती.

आणि खुद्द सेल्सफोर्सवरची गोष्ट. एप्रिल २०२३ मध्ये ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराने उघडकीस आणले की, अनेक संस्थांच्या सेल्सफोर्सवरील संकेतस्थळांवर नाव न नोंदवता आलेल्या पाहुण्यालाही आतल्या नोंदी दिसत होत्या. त्यात व्हरमाँट राज्याचे, महामारीतल्या बेकारांना मदत देण्यासाठी घाईघाईने उभारलेले संकेतस्थळ होते. अर्जदारांची नावे, पत्ते, बँकेचे खाते क्रमांक पाहुण्यांसाठी मोकळे! ‘अतिथी देवो भव’ हे आपल्याकडे ठीक; पण देवघराची किल्ली कोणी अतिथीला देत नाही. या दोषाच्या घटना इतक्या आहेत की, ओवास्प नावाची जागतिक संस्था संकेतस्थळांतल्या धोक्यांची जी यादी काढते, तिच्यात २०१७ मध्ये पाचव्या स्थानी असलेला हा प्रकार २०२१ मध्ये पहिल्या स्थानी आला.

इतके वाचल्यावर ‘सगळेच कुलूपबंद करा’ असे कोणाला वाटेल. तेही बरोबर नाही. आपला सातबाराच घ्या. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक घातला की कोणाचाही सातबारा कोणालाही पाहता येतो. हा दोष आहे काय? मुळीच नाही, तो मुद्दाम खुला ठेवलेला आहे. पूर्वी पटवाऱ्याच्या बस्त्यात (आमच्याकडचे जुने लोक तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात) कोणाच्या नावापुढे काय लिहिले गेले हे बस्ता सुटेपर्यंत कळत नसे. जमिनीची नोंद चार लोकांना दिसते म्हणूनच ती गुपचूप बदलणे अवघड होते. पण वाचणे सर्वांना मोकळे असले तरी लिहिणे मोकळे नाही. फेरफार धरावयाचा तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने; मग नोटीस निघावी, हरकतीला पंधरा दिवस द्यावेत, आणि नोंद प्रमाणित करावी मंडळ अधिकाऱ्याने. लिहिणारा एक आणि मान्य करणारा दुसरा. म्हणजे वाचण्याचा कर्ता निराळा, लिहिण्याचा निराळा, मंजुरीचा निराळा. सातबारा उघडा असण्यात न्याय आहे. मुलीचा मोबाईल क्रमांक उघडा असण्यात अन्याय आहे. कोणती नोंद कोणाला दिसावी हे यंत्र ठरवू शकत नाही. ते माणसांनी बसून ठरवायचे असते, आणि मग यंत्राकडून पाळून घ्यायचे असते. आपल्याकडे पहिले अर्धवट होते आणि दुसरे गृहीत धरले जाते.

कायदा आता आपल्या बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा असे ठरले. माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण दंड होतो तो नंतर. फोन वाजायचे ते वाजून गेलेले असतात.

म्हणून मला सर्वात मोलाची वाटली ती माझ्या विद्यार्थ्याने शेवटी सांगितलेली गोष्ट. सेल्सफोर्सवर लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्यक्ष कामावर चढवण्यापूर्वी त्याच्या निदान ७५ टक्के ओळी चाचणीत चालून दिसाव्या लागतात. “पण सर,” तो म्हणाला, “या चाचण्यांत बहुतेक जण एवढंच बघतात की मागितलेलं मिळतं का. देवरीचा कारकून होऊन सालेकशाची नोंद मागायची अन् ती मिळत नाही हे बघायचं, अशी चाचणी कोणी आपणहून लिहीत नाही. ‘नाही’ची परीक्षा कोणी घेतच नाही.” परीक्षा घेण्यात माझा जन्म गेला, पण हा प्रश्न मला नवा होता. जो नोकर सर्वांना ‘हो’ म्हणतो त्याला आपण तत्पर म्हणतो, आणि जो योग्य जागी ‘नाही’ म्हणतो त्याला आडमुठा ठरवतो!

त्या महाविद्यालयात पुढे ही ‘नाही’ची परीक्षा घ्यायला लावली. कंपनीच्या माणसाने दोन दिवसांत दुरुस्ती करून दिली. मागणारा आणि अर्जाचा धनी एकच आहे की नाही, एवढे ताडून पाहणारी ती दुरुस्ती होती. दोन वेगळ्या विद्यार्थ्यांची खाती मुद्दाम काढून, एकाने दुसऱ्याचा अर्ज मागून पाहिला. ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले. ही दोन खाती प्रवेश सुरू होण्यापूर्वी काढली असती तर? असो. आमच्या विभागातल्या एका बाई दोनदा सालेकशाकडे त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या. तीन आठवड्यांनी मुलगी परत वर्गात आली. फोनचा क्रमांक मात्र तिला बदलावा लागला. जुना क्रमांक तिच्या आईला तोंडपाठ होता. नवा अजून पाठ होत नाही, असे ती सांगत होती.

वाचकांपैकी फार थोडे प्रोग्रॅम लिहीत असतील. पण प्रत्येक घरात आज शाळेचे, सोसायटीचे, दवाखान्याचे निदान एखादे ॲप आहेच. आकडा बदलून दुसऱ्याची नोंद उघडते का, हे स्वतः पाहण्याच्या फंदात मात्र पडू नका. तसे करणे गुन्ह्यात जमा होऊ शकते. त्यापेक्षा सोसायटीच्या सभेत किंवा पालकांच्या बैठकीत सरळ विचारा: आमची नोंद कोण पाहू शकतो? कोण बदलू शकतो? कोणी पाहिली याची टिपण कुठे राहते? आणि नाही म्हणायचे तिथे तुमचे यंत्र नाही म्हणते, हे कोणी तपासून पाहिले आहे? ‘आम्ही ते बटण दाखवतच नाही’ असे उत्तर आले, तर चहा संपेपर्यंत थांबावे आणि प्रश्न पुन्हा विचारावा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या गोंदियाच्या बाजारात अजूनही वहीपूजन होते. जिथे वह्या गेल्या आणि संगणक आला तिथे संगणकालाच हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहतात. लावावे, अवश्य लावावे. पण ‘शुभ’ आणि ‘लाभ’ यांच्या मधे थोडी जागा मोकळी असते. तिथे यंदा एवढेच लिहून ठेवावे: मागणारा कोण?